मातीचे पात्र आणि लिलावाची भाषा

लिलावगृहांच्या सूची हा एक वाङ्मयप्रकार आहे असे म्हटल्यास वाचकांना ते काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या लेखनात शब्दांची निवड आहे, मांडणीचे रूढ नियम आहेत आणि वाचणाऱ्याच्या मनावर ठरावीक परिणाम घडविण्याचा हेतू आहे, त्याची समीक्षा व्हावयास हवी. मग ते काव्य असो की विक्रीची यादी. लंडन, न्यूयॉर्क व हाँगकाँग येथील लिलावगृहे चिनी मातीची पुरातन भांडी आणि आशियाई शोभिवंत कला यांच्या विक्रीसाठी जाडजूड सूची प्रसिद्ध करीत असतात. त्यांत मिंग काळातील निळ्यापांढऱ्या सुरया असतात, जपानी लाखकामाच्या पेट्या असतात, जेड दगडाचे पेले असतात. आणि त्याच वर्गाच्या बाजारात गांधारचे बुद्धमस्तक, तिबेटी विहारातील धूपपात्र, ब्रह्मदेशातील पोथीची पेटी यांनाही नग-क्रमांक मिळतो.

या सूचीतील प्रत्येक नोंद एकाच साच्यातून निघते. वस्तू कशाची आहे, किती उंच आहे, कोणत्या शतकातील आहे, तिला कोठे तडा गेला आहे, ती पूर्वी कोणाकोणाच्या संग्रहात होती आणि तिला किती किंमत यावी असा अंदाज आहे, एवढे सांगून नोंद संपते. माहिती बहुधा अचूक असते. कित्येकदा ती मोठ्या विद्वानांनी लिहिलेली असते. त्यामुळे तिच्यात काय नाही हे सहसा लक्षात येत नाही. ती वस्तू प्रथम कोणी दिली, कोणाला दिली आणि कशासाठी दिली, हे तीन प्रश्न तेथे विचारलेच जात नाहीत. वस्तूचा इतिहास पहिल्या संग्राहकापासून सुरू होतो.

महाराष्ट्रातील बौद्धांना दुसऱ्या एका प्रकारच्या सूचीची सवय आहे. कार्ले, कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत जे लहान लहान ब्राह्मी लेख आहेत, त्यांत नेमके हेच तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे असतात. अमक्या गावच्या अमक्याने हा स्तंभ दिला, हे पाण्याचे टाके दिले, ही कोठडी चातुर्दिश भिक्षुसंघाला दिली. स्तंभाची उंची तेथे नसते, त्याची किंमत क्वचितच असते. दानलेख आणि लिलावसूची या दोन परस्परविरुद्ध लेखनपद्धती आहेत, आणि बौद्ध वस्तूंच्या लिलावाविषयी जे काही बोलावयाचे ते या दोहोंच्या तुलनेतूनच बोलावे, असे आमचे मत आहे.

श्रीरामपुरात बसून हाँगकाँगच्या बाजाराची चर्चा का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर याच तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे आहे. त्याकडे आपण पुढे येऊच. प्रथम ज्या प्रकरणामुळे हा विषय जगभरच्या बौद्धांपुढे आला ते पाहू.

१८९८ च्या जानेवारी महिन्यात, आज उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात असलेल्या पिपरहवा येथील स्तूप विल्यम क्लॅक्स्टन पेपे या इंग्रज जमीनदाराने खणविला. आत दगडाची प्रचंड पेटी, तीत शंखजिऱ्याचे व स्फटिकाचे करंडक, अस्थींचे तुकडे आणि त्यांच्यासोबत अकीक, पोवळे, मोती, स्फटिक, सोन्याची नाजूक फुले असा मोठा संचय निघाला. एका करंडकावर ब्राह्मी लेख होता. महापरिनिब्बान सुत्तानुसार तथागतांच्या अस्थींचे जे आठ वाटे झाले, त्यांतील एक कपिलवत्थूच्या शाक्यांना मिळाला होता. त्या वाट्याशी या सापडलेल्या अस्थींचा संबंध तत्काळ जोडला गेला. ब्रिटिश सरकारने अस्थी सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांना दिल्या, रत्नांचा बहुतांश भाग कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला आणि सुमारे एक पंचमांश भाग 'दुबार नग' म्हणून पेपे यांच्याकडे राहू दिला.

'दुबार' हा शब्द वाचकांनी क्षणभर न्याहाळावा. संग्रहालयाच्या दृष्टीने एका घडणीची दहा सुवर्णपुष्पे म्हणजे एक नमुना आणि नऊ जादा प्रती. दात्याच्या दृष्टीने हा हिशेब कसा लागावा? दहा जणींनी एकेक फूल वाहिले असेल, तर त्यांतील कोणती दुबार? फोडणी तेथेच झाली. १८९८ च्या त्या एका शब्दाने दानाचे रूपांतर नमुन्यांच्या साठ्यात केले, आणि साठा म्हटला की त्याची वाटणी करता येते, वारसाहक्काने तो पुढे देता येतो, अखेर तो विकताही येतो. पुढची सव्वाशे वर्षे या एका वर्गीकरणाचा परिणाम होत.

२०२५ मध्ये सदबीज या लिलावगृहाने पेपे कुटुंबाकडील ही रत्ने हाँगकाँग येथे ७ मे रोजी विक्रीस काढली. वैशाखी पौर्णिमा पाच दिवसांवर होती. अपेक्षित किंमत सुमारे १० कोटी हाँगकाँग डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली, अनेक देशांतील बौद्धांनी व अभ्यासकांनी निषेध केला आणि लिलाव पुढे ढकलण्यात आला. ३० जुलै २०२५ रोजी ही रत्ने भारतात परत आल्याचे घोषित झाले. मुंबईच्या गोदरेज इंडस्ट्रीज समूहाने ती विकत घेतली होती. त्यांतील मोठा भाग पाच वर्षांसाठी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाला उसना देण्याचे ठरले.

ही रत्ने मायदेशी आली याचा आम्हांस आनंद आहे आणि खरेदी करणाऱ्यांविषयी कृतज्ञताही आहे. एका महाराष्ट्रीय नगरातील उद्योगसमूहाने हे केले याचे समाधान वेगळेच. परंतु समीक्षकाला आनंदापाशी थांबता येत नाही. सार्वजनिक लिलाव टळला, विक्री टळली नाही. किंमत मोजूनच वस्तू परत मिळाली, म्हणजे तिला किंमत असते हे लिलावगृहाचे मूळ गृहीतक सर्वांनी मान्य केले. आणि 'उसने' या शब्दातही मालकाचे अस्तित्व गृहीत आहेच. शाक्यांनी ही रत्ने भूमीत पुरली तेव्हा त्यांचा कोणी मालक उरावा अशी त्यांची कल्पना असण्याचा संभव नाही.

विक्रीच्या समर्थनार्थ असा युक्तिवाद झाला की रत्ने म्हणजे अस्थी नव्हेत. बुद्धांचे शरीरावशेष वेगळे आणि त्यांच्यासोबत ठेवलेले अलंकार वेगळे. हा युक्तिवाद वरवर पालि परंपरेला धरून वाटतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. कालिंगबोधि जातकात चैत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: सारीरिक, पारिभोगिक आणि उद्देसिक. अर्पण केलेली रत्ने यांतील पहिल्या प्रकारात बसत नाहीत हे खरे. पण त्यामुळे ती मोकळी झाली असे मुळीच होत नाही. विनयपिटकात निस्सग्गिय वर्गातील तिसाव्या नियमाच्या विवेचनात हा प्रश्न फार स्पष्टपणे हाताळला आहे. जे संघासाठी नेमलेले आहे ते स्वतःकडे वळविणे हा तेथील मुख्य अपराध. त्याच ओघात पुढे असे सांगितले आहे की जे एका चैत्यासाठी नेमलेले आहे, ते दुसऱ्या चैत्याकडे, संघाकडे किंवा एखाद्या व्यक्तीकडे वळविले तर दुक्कट होते. म्हणजे चैत्याला वाहिलेली वस्तू संघदेखील आपल्याकडे वळवू शकत नाही.

येथे कोणी म्हणेल की हा नियम भिक्षूंसाठी आहे, लिलावगृहांसाठी नाही. शिवाय दुक्कट हा अपराधांतही हलका अपराध. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. विनयाचा नियम हाँगकाँगच्या बाजाराला लागू करावा असे आमचे म्हणणे नाही. ज्यांची वस्तू आहे त्यांची परंपरा तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत होती एवढेच त्यातून दिसते, आणि 'बौद्धांच्या मते ही निव्वळ रत्ने' असा जो दाखला त्या परंपरेच्या नावाने दिला गेला, तो टिकत नाही, एवढे पुरेसे आहे.

त्या करंडकावरील लेख आपण पुन्हा वाचावा. त्यात सुकिति, भाऊ, भगिनी, पुत्र आणि भार्या यांचा उल्लेख आहे. भगवान बुद्धांचा आणि शाक्यांचा उल्लेख आहे. ब्यूलर यांनी हा तथागतांच्या अस्थींच्या प्रतिष्ठापनेचा लेख मानला. फ्लीट यांनी पुढे तो बुद्धांच्या शाक्य आप्तांच्या अस्थींविषयी असल्याचे प्रतिपादन केले. पहिला अर्थ आम्हांस अधिक सरळ वाटतो. परंतु कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट बदलत नाही: लेखात माणसे आहेत. भगिनींचा निराळा उल्लेख करण्याइतकी काळजी लेखकाने घेतली आहे. लिलावाच्या वर्णनात रत्नांच्या जाती व घडण यांची बारकाईने मांडणी होती. मूळ लेखात एकाही रत्नाचे नाव नाही.

आता मातीकडे वळू, कारण पुरातन भांड्यांचा बाजार मुळात मातीचा बाजार आहे आणि मातीविषयी पालि वाङ्मयाला पुष्कळ सांगावयाचे आहे. चुल्लवग्गात राजगृहाच्या श्रेष्ठीची कथा येते. त्याने चंदनाचे पात्र कोरवून घेतले, उंच वेळूवर टांगले आणि जो कोणी ऋद्धिबलाने उतरवील त्याने ते घ्यावे असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाजांनी ते उतरविले. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि त्या पात्राचे तुकडे करून भिक्षूंना अंजनात मिसळण्याच्या सुगंधासाठी वाटून टाकावयास सांगितले. लिलावगृहाच्या दृष्टीने याहून मोठा अनर्थ नाही! पुढे सोने, रुपे, रत्ने, वैडूर्य, स्फटिक, कासे, काच, कथील, शिसे व तांबे यांची पात्रे वापरण्यास मनाई करण्यात आली आणि दोनच पात्रांना अनुमती राहिली: लोखंडाचे आणि मातीचे.

ही यादी ध्यानात ठेवून सोपाऱ्याला जावे. ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, नालासोपारा येथील 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उघडला. मध्यभागी दगडी पेटी होती. तीत तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती आठ लहान धातुमूर्ती, सात मानुषी बुद्धांच्या व आठवी मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. एवढी आवरणे दूर केल्यावर सोन्याच्या करंडकात काय निघाले? भाजलेल्या मातीचे तेरा लहान तुकडे. भगवानलालांनी ते तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून पूजिले गेले असावेत असा निष्कर्ष काढला.

बाहेरची आवरणे पाहा: तांबे, रुपे, स्फटिक, सोने. विनयाने पात्रासाठी जे जे निषिद्ध ठरविले त्यांपैकीच ही आहेत, आणि आत अनुमती असलेली माती. करंडक रचणाऱ्यांनी विनयाची यादी समोर ठेवून ही रचना केली असे म्हणण्यास आधार नाही. तसा आग्रहही नाही. पण त्यांना मूल्याचा क्रम ठाऊक होता. जे मौल्यवान ते वेष्टन झाले, जे वापरातले ते गाभा झाले. मूर्ती स्तूपाहून कित्येक शतके नंतरच्या, म्हणजे आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानल्या जातात. तेव्हा मधल्या काळात कोणीतरी हा स्तूप पुन्हा उघडून, पुन्हा पूजा करून मिटविला असला पाहिजे. त्यांनीही मातीचे तुकडे जागेवरून हलविले नाहीत.

हे तुकडे खरोखरच तथागतांच्या पात्राचे होते काय? फाहियान हा चिनी यात्रेकरू पाचव्या शतकाच्या आरंभी पुरुषपुरात, म्हणजे पेशावरात, बुद्धांचे पात्र अखंड पाहिल्याचे सांगतो. दोन्ही ठिकाणचे एकाच वेळी खरे असू शकत नाही. बुद्धिप्रामाण्य मानणाऱ्या बौद्धाने येथे श्रद्धेने मान डोलावण्याचे कारण नाही. सोपाऱ्याच्या तुकड्यांचे ऐतिहासिक मोल निराळे आहे. सातवाहनकालीन अपरान्तातील उपासकांना आपल्या शास्त्याची आठवण कशात साठवावीशी वाटली, हे ते दाखवितात. त्यांनी ती एका भिक्षेच्या भांड्यात साठविली. आज हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. समजा ते एखाद्या खासगी संग्रहात गेले असते आणि लिलावात निघाले असते, तर सोन्याच्या करंडकाला पानभर रंगीत चित्र मिळाले असते, नाण्याला स्वतंत्र नोंद मिळाली असती आणि 'आत मातीचे काही तुकडे' असा शेवटी उल्लेख झाला असता.

याचा अर्थ वस्तूंचा व्यापारच निंद्य आहे असा कोणी काढू नये. उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांची गणना आहे; भांड्यांची नाही. उलट आमच्या भागातील धम्म व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या श्रेणींनीच उभा केला. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील एक लेख आहे. उपासिका विष्णुदत्ता हिने काही श्रेणींकडे रकमा ठेव म्हणून ठेवल्या आणि त्यांच्या व्याजातून आजारी भिक्षूंच्या औषधाची सोय केली. या श्रेणींत कुलरिकांची श्रेणी आहे. हा शब्द कुंभारवाचक असावा असे बहुतेक विद्वान मानतात. कुंभाराच्या आव्यातून निघालेल्या पैशाने त्रिरश्मीवरच्या रुग्ण भिक्षूला औषध मिळत होते. हाही व्यापारच होता.

त्याचप्रमाणे जी वस्तू विक्रीसाठीच घडविली तिच्या लिलावाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकापासून झिलईची भांडी तयार होऊ लागली. सिंधच्या कुंभारांची झिलईची विद्या तिच्या मुळाशी होती. पुढे वंडरलँड आर्ट पॉटरी या नावाने हे काम ओळखले जाऊ लागले. याच सुमारास, १८७२ ते १८८५ या काळात, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली या शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला उतरवीत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील नाव प्रसिद्ध आहे. अजिंठ्याच्या आकृती मग फुलदाण्यांवर उतरल्या. ही भांडी इंग्लंडमधील लिलावांत अधूनमधून येतात आणि सूचीतील त्यांचे 'शोभिवंत' हे विशेषण यथार्थ असते. तिच्यावरचा बोधिसत्त्व लेण्याच्या भिंतीवरून सुटून दिवाणखान्यातील मेजावर आला आहे, पण त्याला तेथे आणणाऱ्यांनी कोणत्याही स्तूपाला हात लावला नाही. कलादृष्ट्या ती आम्हांस फारशी पसंत नाहीत. गोल पोटाच्या भांड्यावर अजिंठ्याची रेषा ताणली जाते आणि तिचे मार्दव हरपते. हा मात्र रसिकतेचा वाद झाला, नीतीचा नव्हे. एक उणीव तेवढी नोंदवितो. त्या भांड्यांच्या वर्णनात टेरींचे नाव हमखास असते. चाकावर माती चढविणाऱ्या सिंधी कुंभाराचे नसते.

आता दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यातील हे उजाड गाव बो. पु. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये पुरातत्त्वाच्या नकाशावर आणले. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि शेवटी १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनने केली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक मिळाले. इसवी सनापूर्वी सुमारे २२०० पासून १००० पर्यंतचा हा पट आहे. हे थर ओळखले गेले ते खापरांवरून. शेवटच्या थराला ज्या गावाचे नाव आहे ते जोर्वे शेजारच्या संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्याच काठी. तांबड्या अंगावर काळ्या रेषांची नक्षी, कोनदार वाडगे, तोटीची भांडी. चांगले भाजलेले जोर्वे भांडे टिचकी मारली तर धातूसारखे वाजते.

परंतु दायमाबादची कीर्ती झाली ती वेगळ्या वस्तूंनी. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल या तेथील रहिवाशाला झाडाचे मूळ खणताना चार भरीव ब्राँझ प्रतिमा सापडल्या: बैलांची जोडी जुंपलेला रथ व त्यात उभा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकत्रित वजन ६० किलोहून अधिक. मोडीच्या भावाने विकल्या असत्या तरी गरीब घराचे काही महिने भागले असते. आज त्या दिल्ली-मुंबईच्या संग्रहालयांत आहेत आणि पुरातत्त्वाच्या ग्रंथांत सापडविणाऱ्याचे नावही नोंदलेले आहे. लिलावसूचीतील 'पूर्वीचे मालक' या रकान्यात अशा माणसाला जागा नसते.

या प्रतिमा बौद्ध नाहीत आणि त्यांच्यावर आम्ही कोणताही सांप्रदायिक हक्क सांगत नाही. त्यांचा उल्लेख करण्याचे कारण त्यांच्या काळाविषयीचा वाद. साळींनी त्या उत्तर हडप्पा काळातील मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात अशी शंका घेतली. हा वाद उद्भवला, कारण प्रतिमा उत्खननाच्या खड्ड्यात, थराच्या साक्षीने निघाल्या नाहीत. येथे सापडविणारा प्रामाणिक, जागा माहीत, वर्ष माहीत. तरी केवळ थर हुकल्याने दोन हजार वर्षांचा मतभेद होऊ शकतो. मग ज्या वस्तूची जागा माहीत नाही, जी कोणी रात्री उकरून दलालाला दिली, तिच्याविषयी सूचीत छापलेला 'दुसरे शतक' हा शब्द किती भरवशाचा मानावा? याउलट दायमाबादचे हाताएवढे फुटके खापर, ते आपल्या थरात सापडले असेल तर, काळाविषयी त्या साठ किलो ब्राँझपेक्षा अधिक खात्रीने बोलते.

पिपरहव्यालाही हेच घडले. तेथे के. एम. श्रीवास्तव यांनी १९७१ नंतर पुन्हा उत्खनन केले तेव्हा स्तूपाच्या अधिक खालच्या भागात आणखी करंडक मिळाले, आणि शेजारच्या विहारात कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. कपिलवस्तू पिपरहव्याला की नेपाळातील तिलौराकोटला, हा वाद त्याने सर्वांसाठी मिटला नाही. पण भारतीय बाजूचा सर्वांत बळकट पुरावा या मुद्रा हाच आहे. १८९८ च्या सगळ्या रत्नांनी हे सांगितले नव्हते. नखाएवढ्या भाजक्या मातीने सांगितले.

आणि प्रवरेच्या खोऱ्यातील भांड्यांविषयी आणखी एक. नेवासे, दायमाबाद, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली आहेत. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बालकाच्या अस्थी, कधी जवळ छोटी वाटी वा तोटीचे भांडे. आईच्या पावलाखाली, राहत्या घरात. अशा कुंभांपैकी एक जोडीपासून वेगळा काढून, धुऊन, काचेच्या कपाटात ठेवला तर तो 'ताम्रपाषाणयुगीन कुंभ, काठाला किंचित टवका' एवढाच उरतो. वर्णनात असत्य एकही अक्षर नसते.

आमच्या स्वतःच्या घरातही या भाषेने प्रवेश केला आहे हे मान्य केले पाहिजे. सुस्थितीतील बौद्ध कुटुंबांच्या दिवाणखान्यात केवळ बुद्धमस्तक ठेवण्याची रीत पडली आहे. बहुतेक मस्तके आधुनिक आणि निरुपद्रवी असतात, पण हा आकार आला कोठून याचा विचार व्हावा. धडावेगळे मस्तक ही बौद्ध शिल्पपरंपरेने मूर्तीसाठी योजिलेली रचना नव्हे. मूर्ती भंगल्यावर अथवा विक्रीच्या सोयीसाठी तोडल्यावर जे हाती उरले, त्याला संग्राहकांनी स्वतंत्र कलावस्तूची प्रतिष्ठा दिली, आणि तीच आता प्लास्टर व फायबरमध्ये ओतली जात आहे. विहारात पूर्ण मूर्ती असावी, एवढे सांगण्यासाठी ग्रंथप्रमाणाची गरज नाही.

याहून गंभीर बाब पुरातन म्हणून देऊ केलेल्या मूर्तींची. परदेशातून आणलेली 'जुनी' बुद्धमूर्ती एखाद्या विहाराला भेट मिळते, समारंभ होतो, छायाचित्रे छापून येतात. कोणत्या विहारातून ती निघाली हे विचारणे त्या वेळी औचित्यभंग वाटतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा, जो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला, तो शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन घालतो. बाहेरून आत येणाऱ्या वस्तूंच्या मूळ विहाराची चौकशी त्यातून आपोआप होत नाही. ती विहार समितीलाच करावी लागते. मूर्ती स्वीकारताना समितीने इतिवृत्तात तीन ओळी लिहाव्यात: ही मूर्ती प्रथम कोणी व कोठे दिली होती, तेथून ती कोणाच्या संमतीने निघाली आणि येथे ती कशासाठी आली. पहिल्या दोन ओळी रिकाम्या राहत असतील तर समितीने मूर्ती साभार परत करावी, आणि त्या जागी आपल्याच तालुक्यातील कुंभाराकडून मूर्ती करवून घेऊन तिच्या पीठावर त्याचे नाव व दात्याचे नाव कोरावे.